चरकीवरची संथा

दुसऱ्याच्या देवाशी दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं, हा माझा जन्मभराचा धंदा. वकील कचेरीत बोलतो तसा मी लोकांच्या देवघरात बोललो. फरक एवढाच, की वकिलाला समोरून उत्तर येतं. मला कधी आलं नाही, आणि आलं असतं तर मी पाटावरून उठून पळत सुटलो असतो.

संपादकांनी बजावून सांगितलं आहे, "नरहरशास्त्री, विद्वत्तेचं काही लिहू नका, ते कोणी वाचत नाही. धंद्यातलं सांगा." बरं झालं. विद्वत्ता माझ्याकडे बेताचीच होती. गळा मात्र होता. अमरावतीला आमच्या आळीत मी पाठाला बसलो, की पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तिथूनच हात जोडायच्या. आता तो गळाही गेला, म्हणून लिहायला बसलो आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, स्तोत्र म्हणायचं म्हणजे काय, पोपटपंची! बसून बघा म्हणावं एकदा. मान हलवायची नाही, अंग झुलवायचं नाही, गाणं केल्यासारखं म्हणायचं नाही, मागे वाघ लागल्यासारखी घाई करायची नाही. श्वास कुठे घ्यायचा हे ठरलेलं असतं. देवाचं नाव अर्ध्यावर तोडून श्वास घेतला तर ते नाव वाया गेलं. अर्ध्या नावानं हाक मारली तर माणूससुद्धा ओ देत नाही, देव कशाला देईल? शिवाय गळ्यासाठी ताक बंद, तेल बंद, तिखट बंद. वऱ्हाडात राहून तिखट बंद म्हणजे काय असतं ते वऱ्हाडी माणसालाच विचारा.

शिकवायची रीतही साधी आणि जीवघेणी. तिला संथा म्हणतात. गुरूनं एक तुकडा म्हणायचा, शिष्यानं तो दोनदा परत द्यायचा. तुकड्यांची ओळ करायची, ओळींचा श्लोक करायचा, आणि आजचा श्लोक कालच्याला जोडायचा. पोथी उघडायची नाही. कानातून आत गेलं पाहिजे आणि तोंडातून बाहेर आलं पाहिजे, मध्ये कागदाचं काम नाही. मला ही विद्या माझ्या काकांनी दिली. चुकलो की ते काही बोलत नसत, नुसते पाण्याचा तांब्या उचलून उठून जात. त्या तांब्याची मला अजून भीती वाटते.

मी धंद्याला लागलो ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली, इंग्रजाच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्याला आमचं वऱ्हाड आठवलं. काल ज्या कुणब्याला अडत्या ओसरीवर ताटकळत ठेवायचा, त्याच्या बांधावर आज तोच अडत्या पागोटं सावरत पळू लागला. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकल्या होत्या म्हणतात. त्या मी पाहिल्या नाहीत. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या मात्र या डोळ्यांनी पाहिल्या, आणि त्या बैलांचा ताठाही पाहिला. पैसा आला की माणसाला आधी देव आठवतो हे साफ खोटं. आधी घोडा आठवतो, बंदूक आठवते, पोराचं लग्न आठवतं. मग हे सगळं टिकावं म्हणून देव आठवतो. तिथे आमची पाळी यायची.

अकोल्याचा एक अडत्या होता. नाव सांगत नाही, त्याची नातवंडं चांगल्या हुद्द्यांवर आहेत. त्याला देवीच्या स्तोत्राचं अनुष्ठान हवं होतं, पण घरी नव्हे, कापसाच्या गोदामात. म्हणाला, "लक्ष्मी जिथं हाय तिथंच तिचं नाव घ्या नं, महाराज. घरी काय हाय? घरी बायको हाय." बसलो बाप्पा गोदामात. चारी बाजूंना रुईचे ढीग, वरून उन्हाची तिरीप, आणि त्या तिरिपीत तरंगणारी रुई. लांब स्वर लावायला तोंड उघडलं की रुईचा पुंजका आत. ठसका लागला, श्लोक तुटला. तुटलेला श्लोक पहिल्यापासून म्हणायचा असतो. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा पुंजका. अडत्या दारातून बघत होता. टाळी वाजवून ओरडला, "देवीनं कापूस खाल्ला! भाव चढते पाहा!" माझं दुर्दैव असं, की दुसऱ्या दिवशी भाव खरोखरच चढला. मग अकोल्यात कोणी मला घरात पाठ करू देईल तर शपथ. जो तो गोदामात न्यायचा. तो सबंध हिवाळा मी खोकण्यात काढला.

पाठाआधी संकल्प असतो. यजमानानं हातावर पाणी घ्यायचं, आपलं नाव-गोत्र सांगायचं आणि काय हवं ते बोलायचं. या अडत्यानं पाणी घेतलं आणि विचारतो कसा, "महाराज, तुमच्या संस्कृतात अमेरिकेले काय म्हणते?"

"काही म्हणत नाहीत," मी म्हटलं. "ऋषींना कापूस विकायचा नव्हता. का?"

"लढाई अजून लांबली पाह्यजे, असं घाला."

तिथली माणसं मरावीत म्हणून मी तोंड उघडणार नाही, असं ठणकावल्यावर तो 'क्षेम' या शब्दावर राजी झाला. पण खरं सांगतो, त्या वर्षांत मी ज्यांच्या ज्यांच्यासाठी पाठ केले, त्या प्रत्येकाच्या पोटात तीच इच्छा होती. आणि त्या पाठांच्या दक्षिणेवर माझ्या घरात तूप येत होतं. आजही कधीकधी वरणभातावर तूप वाढलं की ते आठवतं आणि वाईट वाटतं.

ऐकत मात्र कोणी नव्हतं. मी आत देवीची नावं घेतोय आणि बाहेरच्या खोलीत यजमान सौद्याची घासाघीस करतोय, हे ठरलेलं. मध्येच डोकावून "संपत आलं का?" एवढं विचारायचा. अशा काळात एक गिऱ्हाईक असं आलं, की त्याला पाठ करून नको होता, पाठच हवा होता.

शिमगा होऊन गेला होता. सकाळी दारात गाडी उभी राहिली आणि तीतून गिरजाबाई उतरली. बडनेऱ्याच्या वाटेवरच्या गावची, काळ्या रानाची मालकीण, पन्नाशीच्या घरातली. तळव्यांना घट्टे आणि आवाज असा, की बैलसुद्धा कान टवकारत. तिच्या मागून तिचा नवरा महादजी उतरला. उंचापुरा माणूस, पण दुखण्यातून उठलेला. अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"महाराज, थे शिकवा मले," गिरजाबाई म्हणाली.

"ते म्हणजे?"

"थेच. अंबेच्या देवळात तुमी लोकं म्हणून राहिले होते. मोठ्यानं."

हळूहळू उलगडा झाला. रुळावरची गाडी तेव्हा वऱ्हाडात आली नव्हती, कापूस बैलगाड्यांवर घाटापलीकडे जायचा. महादजी पौषात गाड्यांबरोबर गेला. वाटेत त्याला पटकी झाली. बाकीचे गाडीवान भिऊन त्याला एका धर्मशाळेत टाकून पुढे निघून गेले आणि गावी निरोप आला, की तो काही आता येत नाही. गिरजाबाई अनवाणी अमरावतीला आली आणि अंबेपुढे उभी राहिली. तेव्हा आम्ही तिघेचौघे पाठक सभामंडपात स्तोत्र म्हणत होतो. ते ऐकून ती नवस बोलली, "आई, माह्या मालकाले त्याच्या पायानं घरी येऊ दे. हे लोकं म्हणून राहिले थे सारं मी माह्या तोंडानं म्हणीन. माह्या माहेराकडच्या अंबिकेपुढं, कौंडण्यपुरात, कार्तिकाच्या जत्रेले."

आणि महादजी आला. बाळापूरचा उस्मानभाई गाडीवान उलट्या वाटेनं येत होता. त्याला हा धर्मशाळेत दिसला. त्यानं त्याला रिकाम्या गाडीत घातलं, वाटभर कांजी पाजली आणि गावच्या शिवेवर पायावर उभं केलं. देवीनं नवस ऐकला, पण बाळापूरमार्गे ऐकला.

आता अडचण अशी, की गिरजाबाई देवळात पोचली तेव्हा आमचा पाठ संपत आला होता. तिच्या कानावर शेवटची चार कडवी पडली. तिला वाटलं, आरतीएवढं काहीतरी असेल. मी तिला पाटावर बसवलं आणि सगळं स्तोत्र म्हणून दाखवलं. मी सुरू केलं तेव्हा ऊन ओसरीच्या पायरीवर होतं, संपवलं तेव्हा ते अंगणाच्या पार पलीकडे गेलं होतं. गिरजाबाईचा चेहरा पडला.

"अवं माय! एवढं?"

महादजी खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "बोलाच्या आंधी इचाराव की नाई? बकरं बोलली असती त एका दिवसात फिटलं असतं."

"तुमी चूप बसा. तुमच्यासाठीच बोलली नं मी."

मी तिला धीर दिला. म्हटलं, "बाई, यात घाबरायचं काय? संकल्प तुमच्या नावानं करू, कौंडण्यपूरला मी येईन आणि मी म्हणेन. पुण्य तुम्हालाच. आमचा धंदाच तो आहे."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मी 'माह्या तोंडानं' म्हणून बोलली. तुमचं तोंड माहं कसं होईन, महाराज? माह्या वाटचं तुमी जेवले, त माहं पोट भरते का?"

पुढे इतकी वर्षं धंदा केला, पण धंद्याच्या मुळावरच असा घाव दुसऱ्या कोणी घातला नाही. म्हटलं, शिकवतो.

आमच्या मंडळीत कुरकुर झाली. एक वडीलधारे म्हणाले, "कुणब्याच्या बाईला संथा? उद्या बैलाला द्याल." मी म्हटलं, "हे वेद नव्हेत, पुराणातलं स्तोत्र आहे, ते कोणीही म्हणावं. आणि बैल पुढच्या कार्तिकापर्यंत तयार होत असेल तर त्यालाही देईन." त्यानंतर त्यांनी मला महिनाभर पानावर बोलावलं नाही. मला काही फरक पडला नाही, त्यांच्याकडची आमटी नेहमीच पातळ असे.

पहिला दिवस फुकट गेला. तिला पाटावर बसवलं, पाठ ताठ, हात मांडीवर, मान स्थिर, सगळं शास्त्राप्रमाणे. तिसऱ्या तुकड्याला बाईचे डोळे मिटले. मला वाटलं, ध्यान लागलं. घोरायला लागली तेव्हा कळलं.

"हात रिकामे असले की झोपच येते बाप्पा," ती ओशाळून म्हणाली. "जलमात असं बसली नाई कधी. दिवसाढवळ्या हातावर हात ठेवून बसाले पाप केल्यासारखं वाटते."

आणि तिला वेळ तरी कुठे होता? घरात कापसाचे ढीग लागले होते. चरकी दिवसभर चालायची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चरकीला दोन लाटा असतात, एकमेकींना चिकटून फिरणाऱ्या. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं कापूस लाटांच्या तोंडी द्यायचा. रुई पलीकडे निघते, सरकी अलीकडे पडते. आवाज येतो तो असा, कर्र… कच. कर्र… कच. शेवटी मीच तिच्या घरी जायला लागलो. ती चरकीवर आणि मी समोर घोंगडीवर. एका फेऱ्याला एक तुकडा.

आणि काय सांगू! बाईच्या तोंडात स्तोत्र असं बसायला लागलं, की मी थक्क झालो. दांडा फिरला की शब्द निघायचा. एखादी जाड सरकी लाटांमध्ये अडकली की चरकी क्षणभर अडायची, आणि बाई नेमकी तिथेच श्वास घ्यायची. माझ्या काकांचे सगळे नियम त्या चरकीनं पाळले. घाई नाही, गाणं नाही, नाव कुठे तुटलं नाही. अंग हलत होतं एवढाच काय तो दोष. म्हटलं, देवी तेवढं चालवून घेईल.

मध्येच ती अर्थ विचारायची. हे माझ्या धंद्यात बसत नव्हतं. कोणी विचारतच नसे. "इथं काय म्हटलं, महाराज?" मी सांगायचो, "सगळ्यांना अन्न देणारी." ती म्हणायची, "हाव, अन् सारे जेवल्यावर उरलंसुरलं खाणारी. थे लिहिलं नाई का?" पुढच्या नावाला सांगितलं, "सर्व जगाची आई." तिनं दांडा न थांबवता विचारलं, "जगाची सासू कोन मंग?" मी वर्षानुवर्षं ती नावं घेत होतो, पण त्या नावांची बाई कशी असेल हा विचार मला गिरजाबाईच्या ओसरीवर पहिल्यांदा सुचला.

महादजी रोज ओसरीच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, अंबाडीचे दोर वळत बसायचा. त्याला या सगळ्याचं अगदी वावडं. "झालं का तुमचं?" एवढंच तो मधूनमधून विचारी. किंवा, "महाराज, तिले देवीचं नाव शिकवता, मले भाकर कोन टाकन?" एकदा मी म्हटलं, "तुमच्यासाठीच चाललंय हे." तो म्हणाला, "मी घरी आलो नं? मंग देवीले आता कायचा हिशेब?" गिरजाबाईनं हातातला कापूस त्याच्या अंगावर फेकला. "असं बोलू नोका! ऐकते थे."

ती खरंच भीत होती. ते मला उशिरा कळलं. महादजीला जरा ताप आला, खोकला झाला, की ती दुप्पट संथा मागायची. नवस फिटला नाही तर देवी दिलेलं परत नेते, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. मी शास्त्र सांगायला गेलो तर म्हणाली, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. तुमचा मालक नाई जाणार."

पावसाळ्यात निंदणीपायी खंड पडला, पण दसऱ्यानंतर नवी वेचणी आली आणि एका दुपारी तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्तोत्र म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शेवटी स्तोत्राचं फळ सांगणारे श्लोक असतात, तेही म्हटले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. टोकावरून महादजी म्हणाला, "आटपलं असन त भाकर टाक."

कार्तिकात आम्ही निघालो. गाडी उस्मानभाईनंच हाकली. "भाभीची मन्नत हाय, दुसऱ्याच्या गाडीत कशी जाईन?" असं म्हणून तो बाळापूरहून मुद्दाम आला होता. कौंडण्यपूरला वर्धेच्या काठावर जत्रेच्या गाड्या सुटलेल्या, चुली पेटलेल्या. संध्याकाळच्या उन्हात मी सहज म्हटलं, "बाई, उद्या देवीपुढे म्हणायचंय, आज एकदा म्हणून टाका."

ती हात जोडून बसली. तोंड उघडलं. आणि काही नाही.

मला वाटलं, संकोच असेल. मी पहिला तुकडा सांगितला. तिनं तो म्हटला आणि थांबली. दुसरा सांगितला, तो म्हटला आणि थांबली. विहिरीतून पोहरा रिकामा वर यावा तशी ती माझ्याकडे बघत होती. मग माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. जोडलेल्या हातांतून तो सुटला होता आणि हवेतच गोल फिरत होता. मी तिला स्तोत्र शिकवलंच नव्हतं. चरकीसकट स्तोत्र शिकवलं होतं.

"हात फिरवा बाई, तसाच फिरवा," मी म्हटलं.

"फिरवून तर राहिली नं! आवाज कुठं हाय?"

शेजारच्या गाडीवाल्यांकडे लहानसं जातं होतं, ते मागून आणलं. म्हटलं, फिरतं तर तेही, घरघर तेही करतं. गिरजाबाईनं खुंटा हातात धरला आणि तोंडातून भावाच्या नावाची ओवी बाहेर पडली. जात्याला जात्याचं ठाऊक! मी कपाळावर हात मारला. उस्मानभाईनं गाडीचा आख करकरवून पाहिला. बैल तेवढे दचकले.

मग ती रडायला लागली. इतकी दणकट बाई, पण पोरीसारखी रडली. "माहा मालक जाईन, महाराज. देवीनं देल्ला थो देवी नेईन."

"मी काय ओट्यावरचं गाडगं हाय, कोनी बी उचलून न्याले?" महादजी म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तो उठला आणि बैलांना कडबा टाकायला गेला. कडबा टाकलेलाच होता.

सकाळी उस्मानभाई गावात घरोघर फिरला आणि एक चरकी डोक्यावर घेऊन आला. माझा जीव भांड्यात पडला. पण देवळाच्या पायरीवर पुजाऱ्यानं अडवलं. "हे काय? उत्सवाच्या दिवशी देवीपुढे कापूस काढणार?"

मी माझी सगळी पुंजी बाहेर काढली. भक्ती, भाव, सवलत, अपवाद. माणूस भला होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शास्त्रीबोवा, आज तुमची चरकी आत घेतली, तर उद्या तेली घाणा आणील आणि परवा कुंभार चाक आणील. मी कोणाकोणाला नाही म्हणू?" खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. बाईला त्यानं आरतीआधी देवीपुढे बसायला जागा दिली, तेवढंच तो करू शकत होता.

गिरजाबाई बसली. मी हळूच म्हटलं, "अडलात तर मी सांगतो."

"नोका," ती म्हणाली. "तुमी सांगसान त थे तुमचं तोंड होईन."

सभामंडप माणसांनी गच्च भरला होता. बाईनं हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलले, आवाज नाही. मागून कुरबुर सुरू झाली. "अवं बाई, ऊठ नं, दर्शन घेऊ दे." कोणी तरी हसलं. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी इतके पाठ केले, इतक्या देवांपुढे बसलो, पण देवीला मनापासून काही मागितलं ते त्या दिवशी. म्हटलं, आई, हिला एक शब्द दे, बाकीचे ती ओढून आणील.

आणि कानावर आवाज आला. कर्र… कच. कर्र… कच.

मी दाराकडे पाहिलं. वाटलं, उस्मानभाईनं चरकी चोरून आत आणली. पण तो तर बाहेर बैलांपाशी उभा होता. आवाज जवळून येत होता. महादजी बायकोच्या मागे मांडी घालून बसला होता, डोळे फरशीवर, गालफडं आत ओढलेली, आणि तोंडानं चरकी चालवत होता. ओसरीवर कितीही टोमणे मारो, चारचौघांत ज्याच्या तोंडून धड दोन शब्द निघत नसत असा माणूस! लोक फिदीफिदी हसायला लागले. एक जण म्हणाला, "बुढा पागल झाला." दुसऱ्यानं त्याच्या पाठीत कोपर मारलं. तो थांबला नाही.

गिरजाबाईचा हात सुटला, हवेत फिरला, आणि तोंडातून पहिला शब्द आला. मग दुसरा. मग स्तोत्र वाहायलाच लागलं. मी श्वास रोखून ऐकत होतो. तिसऱ्या-चौथ्या श्लोकावर माझ्या लक्षात आलं, की महादजी नुसता आवाज करत नव्हता. जिथे जाड सरकी अडायची आणि बाई श्वास घ्यायची, तिथे तोही अडत होता. तिथेच, तेवढाच. आमच्याकडे पाठ करून दोर वळणाऱ्या या माणसानं सगळी संथा घेतली होती, शब्दांची नव्हे, तिच्या श्वासांची.

हसणं कधी थांबलं कळलं नाही. पुजारी आरतीचं ताट हातात घेऊन तसाच उभा राहिला. एक म्हातारी पुढे सरकून महादजीच्या बाजूला बसली आणि पदरानं त्याला वारा घालू लागली, कारण त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि दुखण्यातून उठलेल्या त्या छातीचा भाता झाला होता. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत. पाठाच्या वेळी हात हलवायचे नसतात.

स्तोत्र संपलं. फळ सांगणारे श्लोकही संपले. गिरजाबाईनं फरशीवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पुजाऱ्यानं देवीच्या पायावरचं कुंकू तिच्या कपाळाला लावलं. म्हणाला, "बाई, नवस फिटला तुझा. पाठ केलास, आता देवीकडे काय मागायचं ते माग."

तिनं मागे वळून पाहिलं. महादजीला संपल्याचं कळलंच नव्हतं. तो डोळे मिटून चरकी चालवतच होता.

"काई नाई मांगाचं," गिरजाबाई म्हणाली. "मांगतलं होतं थे इथं बसून हाय नं, करकर करून राहिलं."